माया आटल्यासारखी वाटते तेव्हा: सांगली-मिरजेच्या रुग्णालयांत राबणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि मिरजेतल्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांचं समुपदेशन करणं हा माझा व्यवसाय आहे. माझ्याकडे सिस्टर येतात, ब्रदर येतात, निवासी डॉक्टर येतात, वॉर्डातल्या मावशी येतात, कधी गावाकडची आशाताई येते. बर्नआउट, म्हणजे कामानं माणूस आतून रिता होणं, आणि करुणेचा थकवा यांबद्दल पहिल्या भेटीत विचारले जाणारे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत.

जीव नकोसा झाला असेल, मरणाचे विचार येत असतील, तर बाकीचं नंतर वाचा. आधी 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या किंवा ड्युटीवरच्या एका माणसालाही आजच सांगा. रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या हाताशी औषधं असतात, त्यामुळे असा विचार मनात घेऊन एकट्यानं नाइट काढू नका.

एवढी ड्युटी केल्यावर माणूस दमणारच. त्याला बर्नआउट कशाला म्हणायचं?

नुसता थकवा असेल तर तो विश्रांतीनं जातो. सलग नाइट झाल्या, घरी येऊन पोटभर झोपलात, गरम भाकरी-आमटी खाल्लीत आणि दुसऱ्या दिवशी माणसांत आलात, तर काळजीचं कारण नाही. बर्नआउटमध्ये दोन ऑफ जोडून मिळाले तरी फरक पडत नाही. ड्युटीच्या आदल्या संध्याकाळीच पोटात गोळा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या 11व्या आवृत्तीत याची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, की तीन गोष्टी दिसतात. अंगातलं त्राण संपतं, कामावरून मन उडतं किंवा त्याबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहतं. संघटनेनं याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण माझ्यासमोर बसणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती ‘मीच कमी पडते’ असं म्हणत येते. कारण शोधायचं तर ड्युटी चार्टपासून सुरुवात करावी लागते, त्या बाईच्या स्वभावापासून नव्हे.

या अवस्थेवरचं लिखाणही दवाखान्यातूनच सुरू झालं. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांचं निरीक्षण मांडलं. सगळ्यात तळमळीनं काम करणारेच आधी रिते होतात, हे त्यांना दिसलं होतं.

मग करुणेचा थकवा म्हणजे काय? तो बर्नआउटच ना?

जवळचे आहेत, पण एक नाहीत. कामाचा बोजा, अपुरी माणसं, कागदपत्रं आणि वरिष्ठांची बोलणी यांतून महिनोन् महिने साचतो तो बर्नआउट. बँकेत काम करणाऱ्यालाही तो होऊ शकतो. करुणेचा थकवा दुसऱ्याचं दुःख रोज जवळून पाहिल्यानं येतो. 1992 मध्ये परिचारिकांच्या संदर्भात हा शब्दप्रयोग छापून आला आणि 1995 मध्ये आघाताचे अभ्यासक चार्ल्स फिग्ली यांनी त्यावर सविस्तर मांडणी केली. दुखावलेल्याची सेवा करता करता त्याचा आघात सेवा करणाऱ्यालाही लागतो, असं त्यांचं म्हणणं.

तो कधी कधी एका घटनेनंतर अचानकही येतो. द्राक्षबागेतलं कीटकनाशक प्यालेला तरुण मुलगा कॅज्युअल्टीत येतो. नळी घालताना तो पूर्ण शुद्धीवर असतो, ‘मला वाचवा’ म्हणतो आणि पहाटे जातो. ज्या सिस्टरनं त्याचा हात धरला होता तिला पुढचे काही आठवडे घरातल्या औषधाच्या बाटलीचाही वास सहन होत नाही. शेतावर गेलेला स्वतःचा भाऊ फोन उचलेपर्यंत तिचा जीव खालीवर होतो. कामाचे तास कमी केले तरी हे आपोआप जात नाही. त्या रात्रीबद्दल तिला कुणाशी तरी बोलावं लागतं.

बहुतेकांमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. तुमच्यात काय किती आहे हे तपासायला बर्नआउटसाठी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली आहे, आणि करुणेच्या थकव्यासाठी प्रोक्यूओएल नावाची 30 प्रश्नांची. त्यावरून अंदाज येतो, निदान होत नाही.

पेशंट गेला तरी मला काहीच वाटत नाही. मी दगड झालेय का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, तोही दार बंद करून, खालच्या आवाजात.

प्रसंग साधारण असा असतो. रात्री अडीच वाजता जतकडच्या एका म्हाताऱ्या आईनं काउंटरपाशी येऊन विचारलं, ‘‘बाई, माझं लेकरू वाचंल का?’’ सिस्टरनं केसपेपरमधून मान वर न करता सांगितलं, ‘‘डॉक्टर येतील, त्यांना विचारा.’’ म्हातारी परत गेली. सिस्टरनं सलाईनची नोंद पूर्ण केली, पुढच्या बेडची बाटली बदलली. सकाळी हँडओव्हर देऊन स्कूटीवर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्या बाईचं तोंडही पाहिलं नाही. पाच वर्षांपूर्वी हीच सिस्टर अशा आईला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची.

तिला वाटतं आपली माणुसकी संपली. मला तसं वाटत नाही. रोज मरण पाहणारं मन स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेतं. त्या रात्री तिच्या एकटीकडे किती बेड होते, आधीच्या शिफ्टमध्ये किती जण गेले, शेवटचं जेवण कधी झालं हे विचारलं की दार का लागलं ते कळतं. ज्याची माणुसकी खरंच संपली तो हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येत नाही. तुम्हाला हे खुपतंय याचा अर्थ आत माया आहे, तिला सध्या बाहेर यायला जागा नाही.

मात्र याकडे दुर्लक्ष करू नका. कोरडेपणा लांबला की चुका होतात, रुग्णाची तक्रार मनावर घेतली जात नाही, औषधाचा डोस पुन्हा तपासला जात नाही. पुढे घरच्यांशीही माणूस तसाच वागायला लागतो.

सुरुवातीची लक्षणं कोणती? मला आधीच ओळखता आलं तर बरं.

पुस्तकातली यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी जे वारंवार ऐकते ते सांगते. पेशंटचं नाव तोंडातून जातं आणि ‘बारा नंबर’, ‘ती पॉयझनिंग’ असं उरतं. वॉशरूममध्ये जाऊन उगाच पाच मिनिटं उभं राहावंसं वाटतं. मोबाइलवर वॉर्डाच्या ग्रुपचा आवाज आला की छातीत धस्स होतं. नवीन मुलीनं उत्साहानं काही केलं की राग येतो. रविवारी पोरं बाहेर जाऊ म्हणतात आणि चप्पल घालायचाही कंटाळा येतो. झोप येत नाही, आलीच तर स्वप्नात मॉनिटरचा अलार्म वाजतो. पित्त, डोकेदुखी, पाठदुखी मागे लागते, पाळी बिघडते.

यातलं एखादं कधीतरी सगळ्यांनाच होतं. तीन-चार गोष्टी महिनाभर ठाण मांडून बसल्या तर बोलायची वेळ झाली आहे.

हे डिप्रेशन तर नसेल?

असू शकतं, आणि ते तपासलंच पाहिजे. बर्नआउट कामाभोवती फिरतो. सुट्टीत माहेरी गेल्यावर थोडं हसू येतं, आवडती गोष्ट आवडते. नैराश्यात कुठेही गेलं तरी मन उदासच राहतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ उदासी, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली, स्वतःबद्दल नालायकपणाची भावना, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यावर चांगले उपचार आहेत.

त्याआधी किंवा त्याबरोबर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासून घ्या. दुसऱ्यांचं रक्त रोज काढणाऱ्या कितीतरी जणींनी स्वतःचं कित्येक वर्षांत तपासलेलं नसतं.

आपल्या भागात हा ताण जास्त आहे का?

इथली परिस्थिती वेगळी आहे हे नक्की. मिरजेचं नाव वैद्यकीय उपचारांसाठी शंभराहून जास्त वर्षं आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं ते 1894 साली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही दिशांनी रेल्वे मिरजेत येते, त्यामुळे जत, आटपाडी, कवठेमहांकाळइतकेच कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, विजापूरचे रुग्णही इथे येतात. बरेच जण आधी दोन ठिकाणी फिरून, पैसे संपवून, शेवटच्या टप्प्यावर पोचतात. रुग्ण कानडी बोलतो, सिस्टर मराठी, आणि वाईट बातमी हातवाऱ्यांनी सांगायची वेळ येते. जेवढी मोठी ख्याती तेवढी ‘मिरजेला नेलं म्हणजे वाचणार’ ही आशा मोठी. ती मोडते तेव्हा समोर उभी असते ती ड्युटीवरची सिस्टर किंवा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर.

त्यात ऑगस्ट 2019 चा महापूर. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती आणि धोक्याची पातळी आहे 45 फूट. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं त्यांनी तेव्हा ड्युट्या केल्या. घरचा चिखल निघतो न निघतो तोच मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, पुढची दोन वर्षं तशीच गेली, आणि मधेच जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. या सगळ्यानंतर ‘आता दोन दिवस बसून जरा बोलूया’ असं फार थोड्या ठिकाणी कुणी म्हटलं. काम तसंच पुढे सुरू राहिलं. आज जे माझ्याकडे येतात त्यांतले काही त्या दिवसांचं आत्ता पहिल्यांदा बोलतात.

मी निवासी डॉक्टर आहे. 36 तासांची ड्युटी हा शिक्षणाचाच भाग आहे म्हणतात.

नियम तसं म्हणत नाहीत. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे 12 तासांहून जास्त नको आणि आठवड्याला 48 तास असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आठवड्याला 74 तासांची मर्यादा, एक साप्ताहिक सुट्टी आणि रोज 7 ते 8 तास झोप अशी शिफारस आहे. माझ्या मते 74 हा आकडाही जास्तच आहे. पण तुमच्या विभागात तोही पाळला जात नसेल तर कागद दाखवून बोलता येतं. एकट्यानं बोलू नका, बॅचनं मिळून बोला. आणि 30 तास जागं राहून दुचाकीवरून घरी जाऊ नका. हॉस्टेलवर दोन तास झोपा, मग निघा.

आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांनाही हे होतं का? आम्ही तर रुग्णालयात नसतो.

होतं, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं म्हणून जास्त एकाकी होतं. 2005 पासून आशा योजना सुरू आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक ताई, आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला. वॉर्डातली सिस्टर शिफ्ट संपल्यावर घरी जाते. आशाताई त्याच गावात राहते. जिचं बाळंतपण अडलं, जिचं बाळ गेलं, ती तिची शेजारीण असते, नात्यातली असते, सकाळी दळपाच्या गिरणीत भेटते. रात्री-अपरात्री दारावर थाप पडते. वर मोबाइलमध्ये माहिती भरायची, सर्वेक्षण करायचं, आणि बाळ का दगावलं याचा जाब तिलाच विचारला जातो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या महिन्याच्या बैठकीत आकड्यांचा आढावा होतो. त्याच बैठकीतली पंधरा मिनिटं ‘या महिन्यात कुणाला काय जड गेलं’ यासाठी ठेवा, असं मी आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना सांगत असते. जिथे ती ठेवली जातात तिथे ताया एकमेकींची अवघड घरं वाटून घ्यायला लागतात.

माझ्या हातून चूक झाली आणि पेशंटला त्रास झाला. मला झोपच येत नाही.

अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी 2000 साली अशा कर्मचाऱ्यासाठी ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरला. पहिला त्रास रुग्णाला होतो आणि तो कधीही लहान मानू नये. पण ज्याच्या हातून घडलं तोही मोडतो. घडलं ते वरिष्ठांना खरं सांगा, नोंद करा, रुग्णाला लागेल ते आधी होऊ द्या. मग त्याच दिवशी एका विश्वासाच्या सहकाऱ्याजवळ बसा. चौकशीतले प्रश्न आणि मनातले प्रश्न वेगळे असतात, मनातल्या प्रश्नांसाठी वेगळा माणूस लागतो. इन्चार्जनं सगळ्यांसमोर झापलं तर पुढची चूक लपवली जाते, आणि लपवलेली चूक जास्त घातक ठरते.

नातेवाईकांनी शिवीगाळ केली, अंगावर आले. हेही सहन करायचं?

नाही. महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी यांच्यावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार संस्थेनं पुढाकार घेऊन द्यावी, तुम्हाला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये. आणि त्या रात्री त्याच बेडवर तुमचीच ड्युटी ठेवू नये. हे साधं वाटतं, पण वारंवार विसरलं जातं.

योगा करा, ध्यान करा, सकारात्मक राहा असं सांगतात. उपयोग होतो का?

श्वासाच्या व्यायामानं धडधड कमी होते, चालण्यानं झोप सुधारते. मीही सुचवते. पण तीस बेडला एक सिस्टर ठेवायची आणि तिच्यासाठी योगदिनाचं शिबिर घ्यायचं, याला मी मदत मानत नाही. शिबिर तिच्या ऑफच्या दिवशी असेल तर तो तिच्यावर अन्यायच आहे.

स्वतःपुरतं करायचंच तर तीन गोष्टी आधी करा. नाइटनंतरची झोप घरातल्या कुणालाही मोडू देऊ नका. ड्युटीत बसून जेवा. आणि घरी शिरण्याआधी थोडा वेळ कुठे तरी थांबा, कृष्णेच्या घाटावर, गणपती मंदिरापाशी, नाहीतर नुसतं जिन्यात.

मी इन्चार्ज आहे, किंवा रुग्णालय चालवतो. आमच्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. हे उत्तर कृपा करून सावकाश वाचा.

ड्युटी चार्ट महिनाभर आधी लावा आणि शक्यतो बदलू नका. ‘उद्या डबल करशील का’ हा रात्री नऊचा फोन जितका माणसाला पोखरतो तितकं प्रत्यक्ष काम पोखरत नाही. शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमानं फिरवा. उलट्या क्रमाला शरीर जुळवून घेत नाही. ईव्हिनिंग संपवून लगेच सकाळी मॉर्निंग लावू नका. आयसीयू, जळीत आणि कॅन्सरच्या वॉर्डात एकच माणूस वर्षानुवर्षं ठेवू नका, ‘ती फार छान सांभाळते’ म्हणून तर मुळीच नको. छान सांभाळणारीलाच आधी बदल द्या.

मृत्यू झाला की लगेच बेड रिकामा करायची घाई असते, खाली नवीन पेशंट थांबलेला असतो. तरी पाच मिनिटं काढता येतात. त्या शिफ्टचे सगळे, मावशी आणि मामांसकट, एका जागी उभे राहा. कोण गेलं त्याचं नाव घ्या, काय काय केलं ते बोला, कुणाला घरी जायचंय का विचारा. मावशींना विसरू नका. मृतदेह त्या पुसतात, गाठोडं त्या बांधतात, आणि त्यांना कसं वाटलं हे कुणी विचारत नाही. बहुतेक जणी कंत्राटी आहेत, सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, त्यामुळे त्या बोलतही नाहीत.

महिन्यातून एकदा तासभराची बैठक घ्या. त्यात औषधोपचाराची चर्चा नको, फक्त काम करताना मनाला काय झालं ते बोलायचं. बोस्टनमध्ये 1997 पासून अशा बैठका श्वार्ट्झ राउंड्स नावानं चालतात, आणि वरिष्ठ डॉक्टर आधी बोलले की बाकीचे मोकळे होतात असा तिथलाही अनुभव आहे. इथे चहा आणि एक बंद खोली पुरते. तिथे बोललेलं गोपनीय अहवालात जाणार नाही, हा शब्द द्या आणि पाळा.

माणसं कमी आहेत हे मलाही माहीत आहे. पण सोडून गेलेल्या अनुभवी सिस्टरच्या जागी नवीन मुलगी तयार व्हायला किती महिने लागतात, हेही तुम्हाला माहीत आहे.

मानसोपचार घेतले तर नोकरीवर गदा येईल का? गाव लहान आहे, सगळे ओळखतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. ओळखीचं कुणी दिसेल ही भीती मात्र खरी असते. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढायला अवघड वाटत असेल तर मिरजेच्या माणसानं कोल्हापुरात जावं, सांगलीच्या माणसानं कराडात. सुरुवात 14416 वर करता येते, तिथे समोरचा तुम्हाला ओळखत नाही. स्वतःच स्वतःला झोपेच्या गोळ्या लिहून घेऊ नका किंवा मैत्रिणीकडून मागू नका. ही सवय आपल्या क्षेत्रात फार सहज लागते.

नोकरी सोडू का?

सलग दोन आठवडे नीट झोप झाल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. आधी रजा, मग वॉर्ड बदल, मग शिफ्ट बदल मागून पाहा. एवढं करूनही जीव रमत नसेल तर सोडा, त्यात पळपुटेपणा नाही. बाँडवर असाल तर कागद नीट वाचून घ्या.

माझी मैत्रीण हल्ली फार चिडचिड करते. तिच्याशी कसं बोलू?

‘तू बदललीस’ असं म्हणू नका. जे पाहिलंत ते सांगा. ‘काल तू डबा न उघडताच परत नेलास, बरं आहे ना?’ एवढं पुरे. तिनं ‘काही नाही गं’ म्हटलं तर विषय सोडा, आठवड्यानं पुन्हा विचारा. ती बोलायला लागली तर सल्ला देऊ नका, आणि ‘माझंही असंच होतं’ म्हणून स्वतःचं सांगत बसू नका. ती मरणाबद्दल काही बोलली, थट्टेत का होईना, तर सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं तसे विचार डोक्यात भरत नाहीत. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका, तिच्यासमोरच 14416 वर फोन लावा. बाकी वेळी, जमत असेल तर तिची या आठवड्यातली एक नाइट तुम्ही घ्या.